सोनामुखी कुठली, इसबगोल कुठलं

आष्ट्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी तानुबाई आणि त्यांची सून प्रांजल नंबरासाठी बसल्या होत्या.

"आत्या, काल इसबगोल घशात अडकलं कसं?"

"घोटभर पान्यासंगं तर घेतलं."

"त्याला गलासभर पानी लागतं."

"ते सोनामुखीला न्हवं?"

"न्हाई. सोनामुखी आठवडाभरच घ्यायची हुती."

"मी दिवाळीपास्नं रोज घेती. आता तिच्याबिगर पोट साफच हुईना."

"आवं! दिसभर पानी किती पिता?"

"लय न्हाई."

"का?"

"सारखं उठाया लागतं. गुडघं धरल्यात, मग तुला हाक मारावी लागती."

"मग मारायची."

"तू शाळंत शिकवून दमून येतीस गं."

"ही बाटली घ्या. प्या."

तानुबाईंनी अर्धी बाटली संपवली. थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या,

"प्रांजल..."

"चला. धरा हात."