अक्काची विचारपूस

आमच्या थोरल्या अक्कापुढं कुणाचं चालत न्हाय, ऐका. मागं माझ्या छातीत दुखलं, तवापासनं ती अकलूजवरनं तासातासाला फोन करायची, "बरा हायस का?" डोकं उठलं माझं. आमच्या पोराचं काम म्हंजे कंपनीचे शेकडो सर्व्हर नीट चाललेत का ते बघायचं. तो म्हणाला, "आप्पा, सगळ्यांना सारखं विचारून आमची सिस्टिमच लई हळू झाली होती. आता बिघडलं तर सर्व्हरनंच कळवायचं."

मला पटलं. अक्काला सांगितलं, "तू फोन करू नको. दुखलं तर मीच करीन."

ती म्हणाली, "आन् मेलास तर कोण करंल?"

आता रोज सकाळी मीच फोन लावतो, "जित्ता हाय" म्हणतो आन् ठिवतो. लगेच तिचा फोन येतो, "आवाज असा का येतोय रे?"