बाबांचं पुढचं वाक्य

हॅलो? … हो, विनयाच. बोल सुमेधा.

नाही, आत नाही आले अजून. हॉलच्या कारपार्कमध्ये आहे… न्यू लिनलाच गं, दुसरीकडे कुठे असणार? डेअरीतून चहाचं दूध घेतलं आणि गाडीतच बसून राहिलेय.

कारण विचारतेस? सकाळी तू आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मी आत्ता वाचला. शनिवारी फार्मसीत फोन बघायला वेळ कुठे असतो मला.

हो, तोच. बाबांच्या फोटोखालचा. "ज्याला स्वतःचं घर टिकवता आलं नाही, त्याच्या हाती मंडळ देऊ नका." आणि खाली, कैलासवासी दीनानाथकाका, आपले पहिले अध्यक्ष.

थांब… थांब सुमेधा. अगं ऐक ना!

चार वाजता मतदान आहे. अध्यक्षपदाला दोनच जण उभे आहेत. एक तुझा अभिषेक, दुसरी नीलांबरी. आणि जिचा नवरा सोडून गेलाय अशी बाई अख्ख्या मंडळात तेवढी एकच. मग ते वाक्य कुणासाठी आहे, हे कुणाला कळणार नाही?

तुलना? … कसली तुलना?

हो, माहितीये, सगळेच करतायत. "दीनानाथकाकांची सर दोघांनाही नाही." कोजागिरीपासून ऐकतेय मी. अमेरिकेतसुद्धा तेच चाललंय ना. त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचा निकाल लागेल येत्या बुधवारी. आमच्याकडे ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला एक म्हातारा येतो, तो रोज विचारतो, "या दोघांत तुला कुठे लिंकन दिसतो का?"

मी? मी म्हटलं, लिंकनला त्याच्या काळातल्या पेपरांनी माकड म्हटलं होतं. माणूस गेला की उंची वाढते त्याची.

हो गं, पण लिंकन लिंकन आहे. हे माझे वडील आहेत. त्यांना तू मला न विचारता अभिषेकच्या शेजारी उभं केलंस. बॅनरवरसुद्धा! आत्ता दारातून दिसतोय मला इथून. दोघांचे फोटो, सारख्याच आकाराचे.

नाही, फोटोचं सोड. वाक्याचं बोल. कुठून आणलंस?

बाबा असं बोलणं शक्यच नाही.

शक्य नाही म्हणतेय ना मी! अकरा वर्षं अध्यक्ष होते. भारतातून येऊन एअरपोर्टवर उतरलेल्या माणसाला ओळखदेख नसताना घरी आणायचे. तुम्ही दोघं आलात तेव्हा पहिले सहा आठवडे कुणाच्या घरी राहिलात? … मग?

कोण म्हणालं?

कमिटीतले सुधाकरकाका म्हणाले? … ते स्वतः होते तिथे, असं म्हणाले?

…

एक मिनिट, गाडीची काच वर करते.

हो.

हो म्हटलं ना सुमेधा! म्हणाले होते. मीही होते तिथे.

दोन हजार तीन. आमच्या बॉटनी डाउन्सच्या घरी कमिटीची मीटिंग होती. नीलांबरीला सेक्रेटरी व्हायचं होतं. नवरा तिला टाकून पुण्याला परत गेला त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. बाबांनी हे वाक्य म्हटलं. तिच्या तोंडावर. ती समोरच बसली होती.

मी? मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

काही नाही केलं. ती म्हणाली, "बरं, काका." बूट घातले आणि गेली. मी सगळ्यांना चहा दिला. तिचा कप उरला, तो मीच प्यायले.

मग झालं तर? काय झालं तर?

हो, तू खोटं लिहिलं नाहीस. मान्य. पण अर्धंच लिहिलंस. पुढचं सुधाकरकाकांना माहीत नाही. कुणालाच नाही.

ऐकणार असशील तर सांगते. मध्ये बोलू नकोस.

दोन हजार दहामध्ये बाबांना झटका आला, आठवतंय? उजवी बाजू गेली, वाचा गेली. वॉर्डात पहिल्या दिवशी पडदा सरकवून जी नर्स आत आली, ती नीलांबरी.

हो. तीच.

बाबांनी ओळखलं तिला. तोंड फिरवलं भिंतीकडे. मला वाटलं, रागानं. तिनं चार्ट बघितला आणि म्हणाली, "काका, आज दाढी करायची का?" एवढंच. तीन आठवडे ते तिथे होते. ती ड्युटीवर असली की तीच भरवायची, तीच पुसायची. एकदाही तो विषय नाही. मी तर तिच्याकडे बघायचेसुद्धा नाही नीट.

थांब ना, सांगतेय. घरी आणल्यावर बाबा दिवसभर "मा… मा…" करायचे. मला वाटायचं, आईला हाक मारतायत. स्पीच थेरपिस्टही तेच म्हणाली. चार महिने, सुमेधा. चार महिन्यांनी पूर्ण वाक्य आलं. "माझं चुकलं."

तेवढंच शिकत होता तो माणूस.

नाही… रडत नाहीये.

मग एका रविवारी मला म्हणाले, "पापाटोएटो." तिचं घर तिकडे. मी घेऊन गेले. वॉकर धरून दारात उभे राहिले. ती म्हणत होती, "काका, आत तर या आधी." पण ते हलेनात. ते दोन शब्द बोलून होईपर्यंत आत आलेच नाहीत.

नाही, तिनं कुणालाही सांगितलं नाही. तिचा स्वभावच नाही तो. पण बाबांनी मला सांगितलं होतं. गाडीत, परत येताना, एकेक शब्द जुळवत. "हे सभेत सांग. मला जमणार नाही, तू सांग."

नाही सांगितलं मी.

कारण… कारण ते गेले, आणि तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या फोटोला हार घातला, आणि मला बरं वाटलं ते. दर वर्षी कुणीतरी उठून म्हणायचं, असा माणूस होणे नाही. मला कुठे खाली आणायचं होतं त्यांना! … तुझ्या मेसेजचा राग आलाय मला, हे खरं. पण तू आज जे लिहिलंस ते मी तेव्हाच पूर्ण करायला हवं होतं.

एक मिनिट… सुमेधा, होल्ड कर. नीलांबरी बाहेर येतेय. हातात तिचा डबा आहे आणि पर्स. गाडीकडे चाललीय.

नीलांबरी! … अगं, इकडे. काच खाली करते.

निघालीस? … मेसेज वाचलास ना तू? … नाव मागे घेतेयस? नाही, ऐक. पाच मिनिटं थांब. फक्त पाच.

ते वाक्य खरं आहे, हे तुलाही माहितीये आणि मलाही. पण मी आज पुढचंही सांगणार आहे. पापाटोएटोचं. तू नको म्हणालीस तर तुझं नाव घेत नाही…

काय? … "तुझे वडील, तू ठरव"?

बरं. ठरवलं मी. तू आत जा. आणि नाव मागे घेऊ नकोस. तो डबा दे इकडे, मी आणते. … जा गं!

हॅलो, सुमेधा? ऐकलंस ना? … गेली. आत गेली ती.

नाही. बोलणार म्हणजे बोलणार. मतदानाच्या आधी.

लोक बाबांना नावं ठेवतील? ठेवू देत. थोडी ठेवायलाच हवीत.

तुझं नाव कशाला घ्यायला हवं मी? मेसेज तुझ्याच नंबरवरून गेलाय बाई. सगळ्यांनी बघितलाय. … अभिषेकनं बघितलाय का?

म्हणजे त्याला माहीतच नाही?

सकाळपासून खुर्च्याच लावतोय? फोन चार्जिंगला? … सुमेधा, का केलंस गं हे? तू अशी नाहीस. इतकी वर्षं ओळखते मी तुला.

काय? … अभिषेकची नोकरी गेली? कधी?

जूनमध्ये? म्हणजे पाच महिने तो रोज सकाळी…

लायब्ररीत जाऊन बसतो? तुमच्या लेकीला, इराला पण माहीत नाही?

अगं वेडे. मला का नाही सांगितलंस?

हो… हो, कळतंय मला. या निवडणुकीसाठी तो सकाळी उठायला लागला. शर्टाला इस्त्री करायला लागला. कळतंय. पण त्यासाठी दुसऱ्या बाईला… नाही, ओरडत नाहीये. ओरडत नाहीये मी.

हे बघ, माझ्याकडून कळण्याआधी त्याला तू सांग. आत्ता. मी फोन चालू ठेवते. … घाबरतेस ना? मीही घाबरलेय. तेरा वर्षं घाबरलेय. जा, सांग.

…

हं… आहे मी इथेच.

…

अभिषेक? … हो, बोल.

वाचलंस? … नाही, रागवायचं नंतर. घरी जाऊन काय ते. आत्ता ती तुझ्यासमोर उभी आहे, तिला काही बोलू नकोस.

तू मेसेज काढतोयस? नुसता काढून नाही भागणार, सगळ्यांनी वाचलाय तो. … हां, तसं लिही. "हा मेसेज आमच्याकडून गेला, चूक झाली, नीलांबरीताईंची माफी." बस. जास्त लिहू नकोस.

बॅनर? तू बघ बाबा तो. स्टेपलर कुठेय ते मला विचारू नकोस.

हो, मी बोलणार आहे. सगळं. … तुला चालेल? … थँक्स.

काय म्हणालास?

काका असते तर त्यांनी तुला मत दिलं असतं का… माहीत नाही रे. तू आवडायचास त्यांना. तुझ्या हातची भजी तर खूपच. पण सगळ्यांना तेच का विचारायचंय? ते नाहीत आता. त्यांच्यासारखा कोण, हे शोधून काय करणार? ते स्वतःसुद्धा दर वर्षी त्यांच्यासारखे नव्हते.

माझं? माझं मत नीलांबरीला आहे.

हो, तुला तोंडावर सांगतेय. मागून कळण्यापेक्षा बरं. … नाही, मेसेजमुळे नाही. आधीपासून. वॉर्डात तिला बघितलंय मी माणसं सांभाळताना. आणि सोमवारी तू माझ्याकडे ये, फार्मसीच्या मागच्या खोलीत. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना माणूस हवाय, दोनदा विचारलंय त्यांनी मला. … उपकार नाहीत हे. त्यांना गरज आहे. येणार ना? … बरं.

दे तिला फोन.

सुमेधा? … तोंड धुऊन घे आधी.

नाही, घरी जायचं नाही. अजिबात नाही. आज गेलीस तर पुन्हा कधीच येणार नाहीस, मला माहितीये. नीलांबरी तेवढं ऐकूनही इतकी वर्षं यायची, मागच्या रांगेत बसायची, आणि जायची.

मग जा तिच्याकडे. काय बोलू म्हणजे? … मला नको विचारूस. दोन शब्द असतात, बाबांना चार महिने लागले. तुला अजून दहा मिनिटं आहेत.

हो, आलेच मी. दूध तापलंय गाडीत, नासायच्या आत आणते. आणि ऐक… मी बोलायला उभी राहिले आणि मध्येच अडकले तर खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.

हो.

ठेवते.