पंजा वरूनच धर

थांब की जरा सोमनाथ — इंजान बंद कर आदी, मग बोलू. धनाजीनं धाडलंय न्हवं तुला? व्हय, ढीग माजाच हाय. राबाच्या फांद्या हायती, दरसाली हितंच रचतो — भाताचा वाफा भाजायला लागतोच की. त्याच्या हद्दीत येतोय म्हणतो? म्हणू दे. सख्खा धाकटा भाऊ, पण 'दादा, ढीग हलव' म्हणायला त्याची जीभ रेटत न्हाई, आन् किकवीवरनं ट्रॅक्टर आणायला बरं जमतंय. मला एकच सांग — निस्ता ढीग उचलायला सांगितलाय, का खालची मातीबी उकरायला? न्हाई? मग पंज्याचे दात भुईला लावून का आलास?

उतार हाय हितं. पंजा वरनं टाक, फांद्या आवळ, आन् गुडघ्याइतकाच उचल — वझं वर गेलं की ट्रॅक्टर कलतं. ठावं हाय तुला? मग ढकलत का हुतास? खालनं खरवडायचं न्हाई. का म्हंजे? दगूड हायती. हद्दीचा न्हाई रं, हद्दीचा त्यो बघ तिकडं, माज्या अंगाला. एवढं काय बघतोस त्याच्याकडं? म्या कुठं म्हणालो, सरकवलाय म्हणून?

हसू नगंस. वाटणीच्या दगडाखाली कोळसा पुरत्यात, ते तुमच्यातबी असंल — कोळसा कुजत न्हाई, साक्षीला ऱ्हातो. तू दात घालून खरवडलंस तर त्यो वर — काय म्हणालास? कोळसा ढिगाखाली कसा? आता कळलं. त्येच बघायला धाडलंय तुला. म्हाताऱ्यानं दगूड हलवला, भावाचं रान खाल्लं — हेच न्हवं?

आरं, नीट बघ तरी. कोळसा त्याच्यात ऱ्हायला आन् दगूड माज्यात आलाय. मग रान कुणाचं गेलं? मधी झरा दिसतोय न्हवं, त्यो वाटणीत माज्याकडं आलता. धनाजी तवा पुण्याला कंपनीत, आन् हितं त्याची रतनबाई उन्हातान्हाची हांडा घिऊन पार वढ्यापातूर. म्या म्हणलं, झऱ्यावर येत जा. न्हाई आली. नवऱ्यानं बजावलेलं — दादाचं पाणी घ्यायचं न्हाई. मग काय करायचं? दगूड माज्या अंगाला वढला, पाणीच त्याचं करून टाकलं, आन् दगडाच्या जुन्या खड्ड्यावर ढीग रचला. आता गावभर सांगतोय, दादा माजा झरा गिळणार हुता, दगूड हुता म्हणून वाचला. वाईट वाटतं मला, न्हाई कशाला म्हणू? पण खरं कळलं की त्यो दगूड परत जाग्यावर नेणार, आन् रतनबाई परत वढ्याला. ह्या वयात.

हे तू ऐकलंच न्हाईस. आन् बांधावर बसून एवढा वेळ काय बोलला म्हणून त्यानं इच्यारलंच, तर सांग — म्हातारा भांडत हुता, शिव्या देत हुता. ते त्याला पटंल. कोळसा घावलाच तर म्हणावं, राबाचा हाय, कवातरी हितं भाजला असंल.

असं बघू नगंस माज्याकडं. लाव इंजान. वरनंच धर — आन् जा.