सोनेरी कार्ड आणि सात किलो

अणदूरच्या थांब्यावर बाकावर माणसं तीन, पिशव्या चार, आणि हैदराबादच्या बसला अजून चाळीस मिनिटं होती. मैथिलीनं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं खरं, पण शेजारच्या शिवपुत्र आणि रुद्रम्मा या मायलेकांनी तिला पान उलटू दिलं नाही.

"अव्वा, दिल्लीच्या विमानात सात किलोचीच पिशवी चालती. तुझी अकरा किलोची हाय."

"तुझं ते विमानकंपनीचं सोनेरी कार्ड कुठं गेलं? गावभर दाखवत फिरतोस की!"

"कार्डावर जादा सामान फुकट असतंय. पण सगळ्यात स्वस्त तिकिटाला न्हाय. आत्ताच नियम वाचला."

"तिकीट काढायच्या आधी वाचायचा असतो, बाबा. आता पैसे भरून चढव."

"ह्या तिकिटावर तेबी जमत न्हाय. रद्दबी होत न्हाय."

"मग कार्डाचा उपयोग काय?"

"रांगेत पुढं सोडत्यात."

"म्हंजे लवकर जाऊन लवकर माघारी यायचं!"

"थोडे लाडू काढ ना."

"लेकीचा पहिला बाळंतविडा हाय. अर्धा नेऊ? तिची सासू डबा उघडून मोजती. तुझ्या पिशवीत घे."

"माझीबी सात किलो भरलीया. हापिसचं यंत्र हाय."

रुद्रम्मांनी पिशवीतून आपल्या चार साड्या काढल्या, मग वाकळ ओढली.

"अव्वा, दिल्लीत लई थंडी हाय. वाकळ तरी ऱ्हाऊ दे."

"तुझं कार्ड पांघरून झोपीन."

थांब्यामागच्या किराणा दुकानातल्या काट्यावर लाडवांची पिशवी सहा किलो नऊशे पन्नास ग्रॅम भरली.