बिनकानाची सतरा तोंडं

नको नको म्हणत होतो मी... तरी ढकललंच मला इथे वर! आता काय सांगायचं? सगळ्यांना माहीत आहे की! गावातलं शेंबडं पोरसुद्धा ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगेल. पण नाही! त्या तिकडे कोपऱ्यात उभ्या आहेत ना, हात अजून चिखलाचे, त्या मातीच्या बाई, म्हणजे इथे मातीकाम शिकवतात त्या, म्हणाल्या, "काका, आपल्या कलाकेंद्रात दर महिन्याला गावातलं एक माणूस उभं राहून आपली गोष्ट सांगतं, या खेपेला तुम्ही." मी म्हटलं, बाई, मला बोलता येत नाही. तर ही पुढची रांग फिस्सकन हसली! हसा! मी आता बसल्याशिवाय तुम्हाला चहा मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

तर तुम्हाला सांगतो, मी गवंडी माणूस. शाळा दोन यत्ता, त्यातली एक तर मास्तरांच्या घराचा ओटा बांधण्यातच गेली. पण हे कलाकेंद्र, ज्यात तुम्ही पाय पसरून बसलाय, त्याची ही भिंत, ती भिंत, मागची भट्टीची खोली, सगळी या हातांनी उभी केलेली आहे. एकवीस वर्षं झाली, एक तडा दाखवा! बांधलं, थापी धुतली, घरी गेलो, परत आत पाऊल टाकलं नाही. कशाला टाकू? आत चालतं काय? एका खोलीत चार जण पेटी बडवतात, दुसरीत पोरी नाचून नाचून माझी फरशी उखडतात, अन् तिसरीत लोक एकमेकांना कविता वाचून दाखवतात. ऐकत कुणीच नसतं हो! जो तो आपली पाळी कधी येते ते बघत बसलेला! माणसानं समोरच्याचं ऐकू नये म्हणजे काय... हसताय काय? मी अजून गोष्टीला सुरुवातसुद्धा केली नाही!

तर एका सकाळी मी दाढीला गेलो. खुर्चीत बसलो, न्हाव्यानं फेस लावला, एक गाल उतरवला, मी त्याला सांगत होतो की आजकालच्या विटा म्हणजे बिस्किटं, पाण्यात घातली की विरघळतात... अन् सहज समोर बघितलं. आरशात मी. बरोबर. आरशात मीच असणार. पण आरशाच्या खाली, फळीवर... तिथेही मी!

मातीचा! डोळे वटारलेले, मिशी हीच, नाकावरचा हा मस जिथल्या तिथे, अन् तोंड... हे एवढं उघडं, आ वासलेलं, अन् त्यात सहा कंगवे अन् एक कात्री! मी ताडकन उभा राहिलो, वस्तरा थोडक्यात चुकला. म्हटलं, "हे काय आहे?"

न्हावी म्हणतो, "मिस्त्री, तुम्हीच की! झकास उतरलाय ना? कलाकेंद्रात प्रदर्शन लागलंय, मी बाईंच्या मागे लागून आधीच उचलून आणलं. तिथे अजून सोळा आहेत."

"सोळा? सोळा काय?"

"सोळा तुम्ही! काकूंनीच केलेत. तुम्हाला माहीत नाही?"

आता मला सांगा, माझंच तोंड, माझीच बायको, मीच बांधलेलं कलाकेंद्र, अन् मला कुणी सांगितलं का? कुणीच नाही!

निघालो तसाच. एका गालाला फेस, गळ्यात न्हाव्याचं फडकं. रस्त्यानं लोक नमस्कार करतात, मी कुणाकडे बघत नाही. आलो इथे, या दारातून आत घुसलो, अन् बघतो तर काय! त्या भिंतीला लागून लांबलचक फळी, अन् फळीवर ओळीनं मी! मी, मी, मी, मी... सोळा वेळा! सगळ्यांची तोंडं उघडी. अन् लोक अगदी चवीनं बघतायत. एका बाईनं सरळ माझ्या तोंडात हात घातला, कोपरापर्यंत! अन् मैत्रिणीला म्हणते, "खोल आहे गं चांगलं, लाटणंसुद्धा मावेल." दुसरीकडे एक एवढीशी पोर आईला विचारतेय, "आई, हे आजोबा का ओरडतायत?" आई म्हणते, "ओरडत नाहीत गं, बोलतायत." कपाळावर बघावं तर प्रत्येकाच्या एक लाल गोल कागद! मला वाटलं फोड आला. तर बाई म्हणाल्या, "काका, लाल म्हणजे लोकांनी घ्यायचं ठरवलेले. सगळेच गेले!" म्हणजे गावात सतरा घरांत माझं तोंड जाणार, कुणी त्यात चमचे ठेवणार, कुणी छत्र्या, अन् मला कुणी सांगितलं का? कुणीच नाही!

पण खरा धक्का पुढेच आहे. मी मापाचा माणूस. भिंत दिसली की ओळंबा लावायचा, खोली दिसली की कोपरे बघायचे. तशी मी ही डोकी बघत गेलो. डोळे दोन. ठीक. नाक एक. ठीक. मिशी, मस, कपाळाच्या आठ्या, सगळं मोजून मापून. पण बाजूनं बघावं तर... सपाट! गिलावा मारून घोटल्यासारखं गुळगुळीत! डावीकडे सपाट, उजवीकडे सपाट. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. कान नाहीत! सोळाच्या सोळा डोक्यांना कान नाहीत!

मी म्हटलं, "बाई, कान कुठे गेले? भट्टीत गळून पडले काय?"

बाई चाचरत म्हणाल्या, "नाही हो काका... मी विचारलं होतं काकूंना. त्या म्हणाल्या, जे वापरातच नाही ते कशाला करायचं? उगाच माती वाया."

वापरात नाही! सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. आधी फळीकडे, मग माझ्याकडे. अन् तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना. फळीवर सोळा उघडी तोंडं अन् खाली हे एक बंद, अर्ध्या गालाला फेस!

तेवढ्यात मागच्या खोलीतून आली ही. माझी बायको. कोपरापर्यंत चिखल, केसाला चिखल, अन् चेहरा... चेहरा असा निवांत, जसा मी घरी कधी बघितलाच नव्हता. म्हटलं, "अगं, तू तर गुडघ्याच्या व्यायामाला जातेस ना?"

"कुठल्या व्यायामाला?"

"इथेच! पंधरा महिने जातेस ती!"

"मी मातीकामाला जाते म्हणून सांगितलं होतं. जेवायला वाढताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. सुनेच्या समोर सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं आहे, गुडघे मोकळे होतील."

आता मला आठवायला लागलं. रोज संध्याकाळी हिच्या नखांत माती. मी म्हणायचो, हा कसला व्यायाम, जमिनीवर लोळवतात की काय बायकांना! पण मी आपला ताठ. म्हटलं, "ते काही असो! माझी अब्रू मातीत घातलीस! आधी ही तोंडं खाली उतरव, अन् इथे सगळ्यांसमोर माफी माग!"

तर ही म्हणते, "उतरवते. आधी या. ही बघा, खिडकी. कुणी बांधली?"

मी म्हटलं, "मी."

"अहो, किती छान बांधलीय. बसलं तरी रस्ता दिसतो, येणारं जाणारं माणूस दिसतं, हातावर उजेड येतो. माझं चाक या खिडकीशी आहे, म्हणून मी इथे येते. गावात मिळून किती खिडक्या केल्यात तुम्ही?"

"पाचशे तर सहज."

"अन् माझ्या स्वयंपाकघराला?"

मी गळ्यातल्या फडक्यानं गालाचा फेस पुसायला लागलो.

"अडतीस वर्षं तुम्हाला सांगतेय, त्या भिंतीला एक खिडकी पाडून द्या. पालथ्या घड्यावर पाणी! धुराकडे अन् भिंतीकडे बघत माझा जन्म गेला. आता नाही सांगणार. आता मी जिथे खिडकी आहे तिथे बसेन. सकाळी सगळं करून येईन, दिवे लागले की घरी जाईन. मधल्या वेळी तुम्ही त्या भिंतीशी बोला."

अन् गेली आत! चाक फिरायला लागल्याचा आवाज आला. तुम्हाला सांगतो, मी तसाच माघारी फिरलो. कारण ही बाई भांडली नाही हो. भांडली असती तर मी जिंकलो असतो!

घरी आलो. सुनेला विचारलं, "खिडकीचं तुला माहीत होतं?"

सून म्हणते, "बाबा, मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच ऐकलं ते. तुम्ही तिथेच होतात. सिमेंटबद्दल काहीतरी सांगत होतात."

मुलाला माहीत. सुनेच्या माहेरी माहीत. न्हाव्याला माहीत! अख्ख्या गावाला माहीत, अन् मला कुणी सांगितलं का... बरं, जाऊ दे.

ती दुपार काढली त्या स्वयंपाकघरात. एकटा. बोललो जरा वेळ, सवयीनं. समोर भिंत. म्हणतात ना भिंतीला कान असतात? असतील बाबा! माझ्या भिंतींना कान अन् बांधणाऱ्याला नाहीत! पहिल्यांदाच ती उभी राहते तिथे उभा राहिलो. दहा मिनिटांत जीव गुदमरला. अडतीस वर्षं! मी या गावात गुरांच्या गोठ्याला खिडक्या काढल्या हो!

दुसऱ्या दिवशी ती इकडे आली, अन् मी तिकडे छन्नी-हातोडा घेतला. काय सांगू, माझीच भिंत, फुटता फुटेना! इतकी पक्की बांधली होती. खांदा निखळायची वेळ आली, अन् सून म्हणते, "बाबा, मजूर बोलवा." मी म्हटलं, गप! दिवस मावळेपर्यंत भोक पाडलं, अन् ही घरी आली तर स्वयंपाकघरात विटांचा ढीग. तिनं बघितलं. बाहेरच्या खोलीत चूल मांडली. दोन दिवस आणखी गेले, चौकट बसवली, गिलावा केला, तिसऱ्या संध्याकाळी म्हटलं, "बघ!"

ती आली. स्टूल ओढलं. बसली. बराच वेळ बाहेर बघत राहिली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार, आता म्हणणार, चुकलं हो माझं. तर म्हणते काय...

"दोन बोटं वर झालीय."

दोन बोटं! खांदा मोडलेल्या माणसाला! माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी आलं होतं, की पाचशे खिडक्या केल्यात मी, मला शिकवतेस? पण तुम्हाला सांगतो, काय झालं कुणास ठाऊक, मी खाली वाकलो, तिच्या शेजारी बसून बघितलं... अन् खरंच वर होती. बसलं की रस्ता अर्धा कापला जात होता. गुपचूप खालचा थर काढला, दोन बोटं उतरवली. तेव्हा कुठे माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर या. दोन तास बसायचं. तोंड मिटून."

बसलो इथे, मागच्या खोलीत, त्या खिडकीशी. ती माती थापतेय, अन् बोलतेय. मला हलायची बंदी, बोलायची बंदी. दोन तासांत जे ऐकलं ना, मी सुन्न! हिला केळी आवडत नाहीत! अडतीस वर्षं दर शनिवारी मी हिच्यासाठी म्हणून अर्धा डझन केळी आणतोय! नियम मोडला मी, म्हटलं, "अगं, मग इतकी वर्षं खाल्लीस का?"

"मी कुठे खाल्ली? तुम्हीच खाता. बोलता बोलता."

तर त्या दिवशी तिनं घडवलं ते अठरावं डोकं. ते बघा, तिथे वर ठेवलंय, त्याला लाल कागद लावायचा नाही म्हणून सांगून ठेवलंय तिनं. तोंड मिटलेलं. कान किती? नीट बघा. एक! डावा. मी म्हटलं, "अगं, दुसरा?" म्हणाली, "घाई काय आहे? एकानं किती ऐकता ते आधी बघू."

असो. आता राहिली माफी. या मातीच्या बाईंनी मागितली, चहा पाजून मागितली. न्हाव्यानं मागितली, तोंडातले कंगवे काढले, आता ब्रश ठेवतो. पण जिनं हे सगळं केलं तिचं काय? परवा मी विचारलंच. म्हटलं, "गावभर माझं बिनकानाचं तोंड फिरवलंस, मी खिडकी पाडली, दोन बोटं खाली घेतली, केळी बंद केली, आता तरी माफीचा एक शब्द बोल!"

तर भाजी निवडता निवडता, खिडकीतून बाहेर बघत म्हणते, "मागितली की! मंगळवारी. इथेच बसून. तुम्ही विटांबद्दल सांगत होतात."

घ्या! मंगळवारी! आता मला कुणी सांगितलं का? ...सांगितलं असेल. पण मी ऐकलं नाही ते मी धरत नाही, एवढं स्पष्ट सांगतो! तेव्हा या गावात माझी माफी मागायची राहिलेलं माणूस एकच. ती बघा, तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या कडेला, तोंडाला पदर लावून हसतेय ती... माझी बायको.