विश्राम गुरवाची पहाटेची साखर

मंडळी, ऐका! आज आख्यानाला पुराणातला राजा नाही, राक्षस नाही. आज आहे एक पत्र. वैशाखात आलेलं, निळ्या शाईतलं, दोन पानी. आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही. चार महिने दिलं नाही!

तुम्ही म्हणाल, बुवा विसरले असतील. नाही हो. रोज आठवायचं. पोथीत खूण म्हणून तेच पत्र घातलं होतं – म्हणजे पोथी उघडली की आधी पत्र! मग मी पोथीच उघडेनासा झालो.

तर प्रश्न असा. आकडा एक सांगतो आणि माणूस दुसरं सांगतो. माणूस आपला, जन्माचा ओळखीचा. आकडा परका, पण छापील! विश्वास कुणावर ठेवायचा? – सांगा ना. तुम्ही, खांबाशी बसलेले काका. आकड्यावर? बघा, काका प्रामाणिक आहेत. बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या.

पत्र होतं केळशेतच्या विश्राम गुरवाचं. कोकणातलं लहानसं गाव, डोंगराच्या कुशीत केदारलिंगाचं देऊळ. छत्तीस वर्षं त्या देवाची पूजा या गृहस्थाच्या हातची. अंगानं शिडशिडीत, बोलायला मऊ. गेल्या दिवाळीत त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं – भात बंद, भाकरी बंद, गूळ-साखर तर नावच नको!

मंडळी, कोकणातल्या माणसाला भात बंद! अहो, माशाला सांगा, पाणी जरा कमी करून बघ. पण विश्रामरावांनी केलं. शपथ नाही, गाजावाजा नाही. दुसऱ्या दिवसापासून ताटात दुधी, पडवळ, ताकाची कढी, ओल्या खोबऱ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे. सोमवार सोडून एखादं बांगड्याचं कालवण. नुसतं कालवण हो! कालवणाशेजारी भात नाही, म्हणजे काय दुःख असतं ते ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक.

आणि रोज पहाटे मशीन. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आकडा बघायचा. आकडा काय? दोनशे दहा! दुसऱ्या दिवशी दोनशे पाच! तिसऱ्या दिवशी दोनशे सोळा!

आता घरात कोण? त्यांची बायको, इंदुमती. इंदूवहिनी. स्वयंपाक त्यांच्या हातचा, त्यामुळे ताटात काय पडतं ते त्यांना पक्कं ठाऊक. मग साखर येते कुठून? वहिनींनी विचार केला. नवरा दिवसभर असतो कुठे? देवळात. देवळात असतं काय? पेढे! केळी! खडीसाखर!

झालं! चोर सापडला!

हसू नका. वहिनींच्या वडिलांचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता. ते त्यांनी लहानपणी उंबऱ्यात उभं राहून पाहिलेलं. ही बाई भांडत नव्हती, घाबरली होती. आणि घाबरलेलं माणूस मोठ्यानं बोलतं.

आता या गोष्टीत मी कुठे येतो? येतो! दुर्दैवानं येतो. महाशिवरात्रीला माझं कीर्तन होतं त्याच देवळात. मी मूळचा ग्रंथालयात काम केलेला माणूस. पुस्तकांच्या कपाटामागे आयुष्य गेलं, चार माणसांपुढे उभं राहिलं की आजही आधी दार कुठे आहे ते बघतो. पण त्या दिवशी रंग चढला. पेटीवाल्या दातारकाकांनी असा सूर दिला आणि माझ्या तोंडून वाक्य निघून गेलं – 'ज्याचा नियम खरा, त्याची सकाळ खरी!'

टाळ्या पडल्या! मला फार बरं वाटलं. खरं सांगू? त्या वाक्याला अर्थ काय, याचा मी विचारच केला नव्हता. कानाला गोड लागलं म्हणून बोललो.

वहिनींनी घरी जाऊन ते वाक्य स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं. आणि त्याखाली रोजचा आकडा!

आता पत्र ऐका. विश्रामराव लिहितात – 'बुवा, सात महिने भाताचं शीत तोंडात घातलेलं नाही. देवासमोरचा पेढा तर नाहीच नाही. तरी सकाळी मशीन दोनशेच्या वर. तुमचं वाक्य आमच्या कॅलेंडरवर आहे. ही म्हणते, गणपती झाले की पूजा पुतण्याकडे, संदेशकडे द्यायची, म्हणजे मी पेढ्यांपासून लांब राहीन. छत्तीस वर्षांची सेवा जाईल, त्याचंही एक वेळ मी काही म्हणणार नाही. पण खोटा ठरून जाईन. मी खोटा आहे का, एवढं कळवा.'

एवढं कळवा! मंडळी, एका ओळीचं उत्तर होतं. 'तुम्ही खोटे नाही, माझं वाक्य खोटं.' पण ते लिहायला हात उचलेना. मनात म्हणायचो, मला वैद्यकातलं काय कळतं? कदाचित खातही असेल पेढा! बघा, मीसुद्धा संशय घेतला. स्वतःचं वाक्य वाचवायचं म्हणजे दुसऱ्याला खोटं पाडावंच लागतं.

श्रावण आला. केळशेतहून सोमवारच्या कीर्तनाचं बोलावणं आलं. ताप आहे म्हणून कळवणार होतो, पण ताप येईना! गेलो. उतरायची सोय कुठे? विश्रामरावांच्याच घरी!

त्यांनी पत्राचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. दोघंही हवापाण्यावर बोलत राहिलो. मी शरमेनं, ते सभ्यपणानं.

रात्री पंगतीला बसलो. माझ्या पानात वाफाळता भात, त्यांच्या पानात दुधी. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, 'बघा बुवा, ताटावर कसा देवमाणूस! आणि देवळात गेला की उंदीर!'

'अगं, बुवांसमोर तरी नको,' विश्रामराव म्हणाले.

'का नको? बुवांचंच वाक्य आहे ते. मी पेढे मोजून देते बुवा! एकवीस दिले की एकवीस परत येतात.'

मी म्हटलं, 'मग... परत येतात ना?'

'तेच तर! इतकी सफाई!'

पेढा कमी झाला तर चोर, आणि कमी झाला नाही तर मुरलेला चोर! मी मुकाट्यानं भात गिळला. त्या दिवशी भातसुद्धा गोड लागला नाही हो मला.

पहाट झाली. म्हातारपणात झोप लवकर उडते, मी पडवीत येऊन बसलो. विश्रामराव विहिरीवर आंघोळ करून आले, ओलेत्यानं. कपडे बदलले, पाटावर बसले. पुढे पितळेची वाटी. दूध, दही, तूप, मध, साखर. देवाला रोज पंचामृताचा अभिषेक, त्यात आज श्रावणी सोमवार! पंचामृत कालवताना चमचा नाही. पाच बोटांनी साखर चुरत चुरत, विरघळेपर्यंत. काय मायेनं करत होते! जणू बाळाची पेज कालवावी.

झालं. हात वर काढला. बोटं अशी निथळतायत. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बोट चाटलं असतं! खरं बोला! पण देवाला दाखवायच्या आधी कसं चाटायचं? आणि यांना तर साखर बंद. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला, हात कोरडा पुसला, पंचा दांडीवर टाकला.

तेवढ्यात वहिनी मशीन घेऊन आल्या. 'द्या बोट.'

त्यांनी बोट दिलं. तेच बोट! टोचलं. थेंब. पट्टी. दोनशे अठरा!

मला वाटलं, आता वहिनी कडाडतील. नाही. मशीन पदरात धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, 'गणपतीपर्यंत नको. संदेशला आजच बोलावते. आजचा अभिषेक तो करील.'

विश्रामरावांनी पंचामृताची वाटी उचलली, तिच्यात पाहिलं आणि परत खाली ठेवली. 'बरं,' म्हणाले. एवढंच!

मंडळी, ते 'बरं' मला ऐकवेना. मी मान खाली घातली, आणि तिकडे दांडीवरच्या पंच्याचं टोक माझ्यासमोर लोंबत होतं. त्या टोकाला मुंग्या! एक नाही, दोन नाही – भिंतीवरून अख्खी रांग लागलेली!

मी बोललो. म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. 'वहिनी... ते... हात...'

'काय झालं बुवा? बरं वाटत नाही का?'

'मुंग्या!' मी म्हटलं. 'मुंग्या पंच्याला! पंचा हाताला! हात... पंचामृताला!'

कीर्तनकार म्हणवतो, आणि वाक्य असं! पण वहिनी हुशार. त्यांनी पंचा पाहिला, नवऱ्याचा हात पाहिला. 'अहो, धुवा तो हात!'

तर विश्रामराव काय म्हणतात? 'पंचामृताचा हात मोरीत कसा धुऊ? पायदळी जाईल.'

छत्तीस वर्षांचा शिरस्ता! देवाचं पंचामृत मोरीत सांडायचं नाही. म्हणून रोज पुसत होते, धुत नव्हते. आणि आंघोळ करून आलेला माणूस, त्याच्या हाताहून स्वच्छ हात गावात कुणाचा? – देवाच्या दृष्टीनं कुणाचाच नाही. पण मशीनला भक्ती कळत नाही हो! बोटावर साखर आहे, तिनं साखर सांगितली.

वहिनींनी परात आणली, कोमट पाणी आणलं. परातीत हात धुतले आणि ते पाणी तुळशीला घातलं. सुटला प्रश्न! हात कोरडा केला. दुसरं बोट, नवी पट्टी.

एकशे चौतीस!

'पुन्हा,' वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या हाताचं बोट. एकशे छत्तीस!

वहिनी पायरीवर बसल्या. 'दिवाळीपासून... रोज सकाळी चोर म्हटलं मी तुम्हाला.'

विश्रामराव म्हणाले, 'रोज कुठे? दिवाळीच्या चार दिवसांत नव्हतीस म्हणाली.' आणि वाटी उचलून अभिषेकाला निघाले. जाता जाता वळून म्हणतात, 'येईपर्यंत चहा टाक. बिनसाखरेचा!'

संपलं? नाही! वहिनींचं समाधान इतक्यावर कसं होईल? त्या दिवशी कीर्तनाला आरोग्य केंद्रातल्या पाल्येसिस्टर आल्या होत्या. वहिनींनी त्यांना देवळाच्या पायरीवरच गाठलं. 'सिस्टर, हात धुतले तरी एकशे चौतीस का? रात्री तर दुधी खाल्लाय!'

सिस्टर हसल्या. 'पहाटे शरीर जागं व्हायला लागतं ना, तेव्हा यकृत साठवलेली साखर आपण होऊन रक्तात सोडतं. उठायला बळ हवं म्हणून. कमी भात-भाकरी खाणाऱ्यांत पुष्कळांचा सकाळचाच आकडा दिवसभरात सगळ्यात जास्त असतो. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी बघितलंय का कधी?'

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं – एकशे बारा!

म्हणजे बघा मंडळी! घरातलं कोणीच उठलेलं नसताना आतला कोठारी उठतो, आणि मालकाला लागेल म्हणून कोठाराचं दार उघडतो. आणि आपण म्हणतो, रात्री चोर आला होता! सिस्टरनी आणखीही सांगितलं, ते तुमच्यातल्या साखरवाल्यांनी नीट ऐका. गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही, कमी करायची नाही. दोन्ही वेळचे आकडे डॉक्टरांना दाखवायचे, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायची. आणि हात धुऊन टोचायचं! मी पुस्तकातलं सांगत नाही, सिस्टरनी सांगितलेलं सांगतोय, म्हणून जरा ठामपणे बोलतोय.

निघायच्या दिवशी विश्रामराव मला एसटीपर्यंत सोडायला आले. पूजा त्यांच्याचकडे राहिली होती, चेहरा नुसता उजळलेला. म्हणाले, 'बुवा, एक राहिलं. माझ्या पत्राचं उत्तर.'

मी म्हटलं, 'अहो, आता कशाला? सगळं उलगडलं की.'

'मुंग्यांनी उलगडलं. तुम्ही कुठे सांगितलंत? तुमचं वाक्य अजून कॅलेंडरवर आहे. ही पुसायला तयार नाही, म्हणते, बुवांचं आहे, बुवांनीच परत घेतलं पाहिजे. आणि लेखी द्या. तुम्ही तोंडी काय, आज हे बोलाल, उद्या ते!'

छत्तीस वर्षं देवाशी बोललेला माणूस. माझ्याशी इतकं खरं बोलला!

आदल्या दिवशी केळशेतच्या कीर्तनात ते वाक्य मागे घ्यायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही घेतलं. सगळ्या गावासमोर धीर झाला नाही. तुमच्यासमोर घेतो. ते वाक्य चुकीचं होतं! नियम खरा असला तरी सकाळ वाकडी उगवू शकते. आणि सकाळ वाकडी उगवली म्हणून माणूस वाकडा ठरत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. आज घरी गेल्यावर प्रत्येकानं आठवा, आपण कुणाला आकड्यावरून चोर ठरवलंय? पोराला मार्कांवरून? सुनेला डब्यातल्या तुपाच्या रेषेवरून? मोजा, जरूर मोजा, मोजण्यात पाप नाही. पण मोजणारा हात स्वच्छ होता का, हे आधी बघा! आणि चुकलात तर तसं सांगायला माझ्यासारखे चार महिने लावू नका. समोरचं माणूस 'बरं' म्हणून वाटी खाली ठेवतं, तेव्हा फार उशीर होत आलेला असतो.

पत्र मी काल रात्री लिहायला बसलो. सहा कागद फाडले. सातव्यावर चारच ओळी राहिल्या – 'विश्रामराव, तुम्ही खोटे नाही. पत्र आलं त्या दिवशीही मला हे लिहिता आलं असतं. शिवरात्रीचं माझं वाक्य चुकीचं होतं, वहिनींना ते पुसायला सांगा. उशीर झाला, क्षमा करा.'

आज दुपारी चार वाजता तुमच्या गावच्या पोस्टापाशी गेलो. पेटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. क्षमा शब्द आधी हवा होता का? अक्षर लागेल ना त्यांना? एक बाई मागून म्हणाल्या, 'आजोबा, टाकताय की मी टाकू?' टाकलं! टाकल्यावर पुन्हा वाटलं, काढून एक ओळ बदलावी. पण पेटीचं तोंड अरुंद असतं मंडळी, हात आत जात नाही. साडेचारची डाक पत्र घेऊन गेली.