डबा नवा, कार्ड तेच

दुकानदारानं गिऱ्हाईकाला माल घेऊ नको म्हणलेलं कधी पाह्यलं का? लग्नाचे व्हिडिओ जोडताना माझा कॉम्प्युटर अडकायला लागला, म्हणून जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन औरंगपुऱ्यात रफिकभाईंच्या दुकानात गेलो. त्याच कंपनीचं नवं मॉडेल दुसऱ्या कंपनीपेक्षा कसं स्वस्त आन् भारी, यावर मी अर्धा तास वाद घातला.

रफिकभाई म्हणाले, "भाऊ, हे तुमचंच कार्ड हाय. कंपनीनं डबा बदलला, नंबर बदलला, आतली चिप तीच. घ्यायचंच तर दुसऱ्या कंपनीचं घ्या, नाय तर घेऊच नका."

मग त्यांनी माझ्याच कार्डाची धूळ काढली, चिप थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट बदलली. आता लई पळतंय! ऐन लग्नसराईत धंदा वाचवला गड्यानं.

"काय देऊ?" म्हणलं.

"चहा पाजा. कप कुठलाबी चालंल, चहा ताजा पाहिजे."